जळकं तेल

"नरात दोष नसतोच, डॉक्टर. देवानं तशी सोयच ठेवलेली न्हाई," असा सिद्धान्त अर्जुनरावांनी वळूच्या वशिंडावर थाप मारून मांडला. वळूनं लगेच त्यांच्या पायावर पाय ठेवला. त्यानंतर अर्जुनराव जे बोलले, ते चारचौघांत सांगण्याजोगं नव्हतं.

रावेतमधला हा एकुलता एक वळू. गेल्या दोन वर्षांत त्याच्यापाशी नेलेली एकही गाय गाभण राहिली नव्हती. गावातल्या झाडून सगळ्या गायी एकाच वेळी बिघडल्या, असं गावानं ठरवून टाकलं. अर्जुनरावांनी तर स्वतःच्या दोन गायी वांझ म्हणून चाकणच्या बाजारात विकल्या. त्यातली एक त्यांच्या बायकोनं, मंजुळाबाईंनी, माहेराहून आणलेली. ती टेम्पोत चढेना, तेव्हा मंजुळाबाईंनाच पुढं चढायला लावलं. त्यांच्या मागोमाग ती मुकाट चढली.

मंजुळाबाईंच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. उद्या अर्जुनराव दुसऱ्या लग्नासाठी चिखलीला मुलगी बघायला निघणार होते. मंजुळाबाईंची संमती होती. म्हणजे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

गुरांचे डॉक्टर हरिहर ओट्यावर सूक्ष्मदर्शक मांडून बसले होते. काचपट्टीवर वळूचं बीज होतं.

"काही म्हणजे काही हलत नाही," ते म्हणाले. "खायला काय घालता याला?"

"राजाचा खुराक हाय," अर्जुनराव खुलले. "आमच्या कंपनीच्या कँटीनात वडे तळून उरलेलं तेल. शिफ्ट सुटली की डबा भरून आणतो, पेंडीत कालवतो. ताकदीला."

"पुन्हा पुन्हा तापवलेलं?"

"चांगलं काळं होईस्तवर."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"अर्जुनराव, उघड्यावरचं लोखंड गंजतं ना? हे जळकं, खवट तेल जनावराला तसंच आतून गंजवतं. बीज सगळ्यात नाजूक, ते आधी मरतं. तेल बंद करा. हिरवा चारा द्या, मोड आलेले गहू द्या, बहुतेक काही महिन्यांत सुधारेल. गायींचा यात काही दोष नव्हता."

मंजुळाबाई चहाची कपबशी घेऊन उभ्या होत्या. ती खाली ठेवायचं त्यांना सुचलं नाही.

"म्हंजी त्या दोघी उगाच गेल्या."

डॉक्टर काचपट्टी पुसू लागले.

"माणसांचंबी असं बघता येतं?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"येतं की. पुण्यात. गडीमाणसाचं तर फार सोपं असतं."

अर्जुनरावांनी वळूकडं पाहिलं, मग दुखऱ्या पायाकडं, आणि बऱ्याच वेळानं बायकोकडं. तिनं नजर हलवली नाही. लग्न झाल्यापासून त्यांच्या एका शब्दाची तिनं अशी वाट पाहिली नव्हती. बशीत चहा सांडत होता.

अर्जुनरावांनी घसा साफ केला.

"मंजुळे, उद्याच्या सदऱ्याचं बटण तुटलंय. तेवढं लावून ठेव."