कासविणीचा आवाज

मैनेने आयुष्याची बावीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडी आपला आवाज घालण्यात काढली. डबिंगच्या खोलीत कानाला हेडफोन, नजर पडद्यावरच्या ओठांवर. सकाळी राजकन्या, दुपारी चेटकीण. 'मैना' हे टोपणनाव स्टुडिओतल्यांनी पाडलं आणि घरच्यांनीही उचललं. तिचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे मुलांच्या मालिकेतली एक भांडखोर कासवीण.

परगावी राहणाऱ्या थोरल्या बहिणीची, ताईची, दृष्टी गेली, तेव्हा मैनेने ती अख्खी मालिका विकत घेऊन तिच्या फोनवर लावून दिली. रोज चहाबरोबर ताई एक भाग ऐकायची. एका मंगळवारी ताईचा फोन आला.

"मैने, तुझी कासवीण गेली."

"गेली म्हणजे?"

"फोनमधली बाई म्हणते, ही मालिका तुमच्या भागात उपलब्ध नाही. अगं, मी कुठे गेले? इथेच तर आहे, खुर्चीत."

मैनेने कंपनीला फोन लावला. बराच वेळ वाजंत्री ऐकवून झाल्यावर एक तरुण बोलायला आला. आवाज गोड, पण पढवलेला.

"मॅडम, तुम्ही मालिका विकत घेतली नव्हती. पाहण्याचा परवाना घेतला होता. हक्क आता दुसऱ्या कंपनीकडे गेलेत."

"बटणावर 'विकत घ्या' असं लिहिलं होतं."

"हो मॅडम."

"मग?"

"ते बटणाचं नाव आहे, मॅडम."

मैनेने 'बरं' म्हणून फोन ठेवला आणि मग स्वतःवरच चिडली.

ध्वनिमुद्रण करणाऱ्या दादांनी कधीकाळी आठवण म्हणून दिलेली एका भागाची कॅसेट कपाटात होती. तिने ती दुकानातून संगणकावर उतरवून घेतली आणि फक्त ताईला ऐकता येईल अशी इंटरनेटवर चढवली. वीस मिनिटांत ती गायब. वर नोटीस: यातला आवाज अमुक कंपनीच्या मालकीचा आहे. हरकत असेल तर अर्ज भरा. अर्जात पहिलाच प्रश्न होता, 'या आवाजाचे मालक तुम्ही आहात का?'

घसा मैनेचा, खोकलाही मैनेचा. पण पूर्वी कधीतरी उभ्याउभ्या, न वाचता एका कागदावर सही केल्याचंही तिला आठवत होतं. शेवटी तिने 'हो' दाबलं. पुरावा मागितला, म्हणून कासविणीची चार वाक्यं नव्याने बोलून तिथेच चढवली.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'आपला आवाज आमच्या सामग्रीशी तंतोतंत जुळतो. सबब ही फीतही काढण्यात आली आहे.'

तिने ते तीनदा वाचलं. आपण खऱ्या ठरलो की चोर, हे तिला उमगेना. मग कॅसेट आणि जुना टेपरेकॉर्डर पिशवीत घालून तिने ताईच्या गावची बस धरली.

ताईने भाग शेवटपर्यंत ऐकला. "हा तर मला तोंडपाठ आहे. पुढचा लाव."

"पुढचा नाही गं. हा एवढाच आहे."

"मग तू बोल."

मैनेने घसा खाकरला. पहिली दोन वाक्यं आली, तिसऱ्याला गाडी अडली. बावीस वर्षांतले इतके आवाज एकमेकांत मिसळले होते की कासविणीच्या तोंडी चेटकिणीचं वाक्य आलं.

"ते नव्हे," ताई म्हणाली. "तिथे ती म्हणते, 'माझं घर माझ्या पाठीवर, तू कोण भाडं मागणारा?'"

मैनेने ते वाक्य त्या जुन्या, चिरक्या आवाजात म्हटलं. ताई खुदकन हसली. मग ताईने सांगायचं आणि मैनेने म्हणायचं, असा अख्खा भाग पार पडला.

"मैने," ताईने जरा दबक्या आवाजात विचारलं, "आपण हे बोलतोय ते चालतं ना?"

"काय माहीत," मैना म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं. तिने उठून खिडकी लावून घेतली, मग आपण ती का लावली हे न कळून पुन्हा उघडली, आणि पुढचा भाग कुठून सुरू होतो ते ताईला विचारलं.