डावी गाठ

"डॉक्टर, ही गाठ आहे की जाळ्यात अडकलेला खेकडा?" डीनसाहेबांनी विचारलं.

आराबा क्वान्साहने फळ्याकडे पाहिलं. खेकडाच होता. उजव्या हाताने काढलेला.

सकाळी आईने डब्यात मक्याचे उकडलेले गोळे, केंके, बांधून देताना बजावलं होतं, "निवड समितीत आपल्या गावचे राजे, नाना, बसणारेत. थोरांसमोर डावा हात उचललास ना, तर तुझी डॉक्टरेट समुद्रात गेली म्हणून समज!" आणि आराबा तर जन्माची डावखुरी. गाठींच्या गणितात डॉक्टरेट घेऊन ती मावशीच्या टपरीवर मोबाइलचे रिचार्ज विकत होती. घानातल्या केप कोस्टच्या विद्यापीठात संशोधकाची जागा इतक्या वर्षांनी निघाली, की लोकांना आधी जाहिरातीत छपाईची चूक वाटली.

आज तिला एवढंच सिद्ध करायचं होतं : तीन वेढ्यांची डावी गाठ, न कापता कितीही पिळा, उजवी होत नाही.

तिने पुन्हा उजव्या हाताने काढली. एक दोरा खालून जायचा तो वरून गेला आणि गाठ आपोआप सुटली. बाहेरगावचे प्राध्यापक खोकले.

आराबाने खडू डाव्या हातात घेतला. "माफी असावी, नाना. डाव्या हाताशिवाय हे व्हायचं नाही."

डीनसाहेबांनी डोळे मिटले. नाना खांद्यावरून घेतलेल्या जाड कापडात डावा हात गुरफटून बसले होते. त्यांनी ते कापड आणखी घट्ट ओढून घेतलं.

"काढ," ते शेवटी म्हणाले.

मग गाठ अशी उतरली, की प्राध्यापक घड्याळ बघायचे विसरले.

दुपारी व्हरांड्यात डीनसाहेबांनी निकाल सांगितला. जागा दुसऱ्याला मिळाली होती. त्याने फळ्यावर काहीच लिहिलं नव्हतं, त्यामुळे त्याची चूक कुणाला सापडली नाही.

"पुढच्या जाहिरातीला नक्की या हं," ते म्हणाले.

"येईन की. नातवंडांना घेऊन येईन."

केंकेचा डबा आत राहिला होता. तो आणायला आराबाने दार ढकललं. नाना फळ्यासमोर एकटेच उभे राहून तिच्या गाठीशेजारी तशीच गाठ काढत होते. कापड खांद्यावरून घसरलं होतं, जीभ दातांत धरलेली, आणि डाव्या हातात खडू. तिला पाहताच त्यांनी हात कापडात लपवला.

"शाळेत छड्या मारून मोडली होती सवय," ते पुटपुटले.

आराबाने डबा उचलला. फळ्याकडे पाहिलं.

"तिसरा दोरा खालून घ्या, नाना," ती म्हणाली. "हात तोच राहू द्या."