बावन्न ताऱ्यांचा तक्ता

ठाण्याच्या एका शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून अण्णा निवृत्त झाले आणि डोंबिवलीच्या दोन खोल्यांत मुलांसाठी ताऱ्यांवर पुस्तक लिहू लागले. पुस्तक होत आलं तोवर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. १९५३ साल होतं. शेवटचा तक्ता तेवढा राहिला होता: बावन्न तारे, प्रत्येकाचा आकार, उष्णतामान आणि त्यावरून काढलेलं तेज. ते काम उत्तराकडे आलं.

उत्तरा त्यांची मुलगी, कल्याणला मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. घरी येऊन स्वयंपाक उरकला की लॉग टेबल घेऊन बसायची. त्रिज्येचा वर्ग, उष्णतामानाचा चौथा घात, मग दोन्हींचा गुणाकार. सगळं सूर्याच्या पटीत. दिवसाला एक तारा, कधी तोही नाही. चार महिने गेले.

एका रविवारी दुपारी तिनं तक्ता वाचून दाखवला. अण्णांनी मध्येच थांबवून एका तांबड्या ताऱ्याचे आकडे पुन्हा विचारले. त्रिज्या सूर्याच्या चाळीस पट, उष्णतामान निम्मं, तेज चारशे पट.

"शंभर यायला हवं," अण्णा म्हणाले. "चाळीसचा वर्ग सोळाशे. निम्म्याचा चौथा घात म्हणजे सोळावा हिस्सा."

उत्तरानं कच्ची वही उघडली. पहिले नऊ तारे बरोबर होते. दहाव्यापासून तिनं उष्णतामानाचाही वर्गच केला होता. तेव्हा ती तापातून नुकती उठून शाळेत जायला लागली होती.

त्रेचाळीस तारे. तिनं वही मिटली.

"राहू दे ना, अण्णा. कोण तपासणार आहे?" ती म्हणाली, आणि गणिताच्या बाईनं हे बोलावं याची तिची तिलाच लाज वाटली. पुन्हा करते, असं ती म्हणू लागली, तर अण्णांनी नको म्हटलं.

"पुस्तकाची घाई मला होती गं. तू दमलीस ते मला दिसलं नाही, आणि ते कळायला काही डोळे लागत नव्हते."

त्यांनी प्रकाशकाला पत्र सांगितलं, तिनं लिहिलं. नऊ ताऱ्यांचं तेज छापावं, बाकीच्यांचा रकाना कोरा ठेवावा. तो विद्यार्थ्यांनी भरायचा. प्रकाशकानं हरकत घेतली नाही.

पुस्तक हातात आलं तेव्हा अण्णांनी तक्ता कुठे आहे ते विचारलं. उत्तरानं त्यांचं बोट कोऱ्या रकान्यावर ठेवलं. मग ती आतल्या खोलीत जाऊन आडवी झाली. चहाची वेळ टळून गेली तरी अण्णांनी तिला हाक मारली नाही.