कुजबुजबाईंचा भोंगा

मित्रांनो, कान झाकू नका. आज मी अजिबात ओरडणार नाही. पोलीस ठाण्यातला, हातात धरून बोलायचा भोंगा आहे मी, चांगला मुरलेला. माझा पांढरा रंग आता पिवळट पडला आहे आणि तोंडाच्या कडेचा एक टवका उडाला आहे. पण त्या टवक्याचा मला दागिन्याइतका अभिमान वाटतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या तपासनीस बाई प्रत्येक भोंग्यात "हॅलो, हॅलो" म्हणून बघायच्या. माझ्यात म्हणाल्या तेव्हा पलीकडे डबा खात बसलेला माणूस दचकून उभाच राहिला. "हा पास!" बाई हसून म्हणाल्या. ती माझी पहिली शाबासकी.

ठाण्यात मला तक्रारी घेण्याच्या टेबलामागे, एका खिळ्यावर जागा मिळाली. तिथून सगळे दिसायचे. कुणाचा मोबाइल गेलेला असायचा, कुणाचे वडील रुसून घरातून निघून गेलेले असायचे, कुणाच्या दारात शेजाऱ्याने गाडी आडवी लावलेली असायची. दोन भाऊ हातघाईवर येत आत शिरायचे आणि जाताना एकाच दुचाकीवर बसून जायचे. टेलिफोन खाली ठेवला की लगेच पुन्हा वाजायचा. गरम चहा कसा लागतो हे त्या ठाण्यातले लोक बहुधा विसरूनच गेले होते.

मलाही उसंत नसे. आग लागली की रस्ता मोकळा करायला मी. पुलावर पाणी चढले की लोकांना मागे थोपवायला मी. बाजारात पोर चुकले की त्याच्या आईला हाक मारायलाही मीच.

मला सर्वांत जास्त वापरायचे ते हवालदारकाका. खरे तर त्यांना माझी गरजच नव्हती. ते नुसते खाकरले तरी बाहेरची गाढ झोपलेली मांजर पळायची. आणि माझ्याकडे कधी न फिरकणाऱ्या होत्या एक महिला शिपाई. त्यांचा आवाज इतका हळू, की सगळे त्यांना 'कुजबुज' म्हणत. "कुजबुजबाई, जरा मोठ्याने बोला, चोर झोपेल अशाने!" असे म्हणून काका हसायचे. बाईही हसायच्या. पण मी एक पाहिले होते. त्यांच्याशी बोलताना माणसे पुढे वाकायची, आणि आपोआप स्वतःचाही आवाज खाली आणायची.

एके दिवशी दुपारी ठाण्याच्या दारात एकदम आरडाओरडा झाला. मोठे साहेब बाकीच्यांना घेऊन एका अपघाताच्या जागी गेले होते. ठाण्यात मोजकेच लोक होते. पाचपन्नास माणसे एका म्हाताऱ्याला ओढत घेऊन आली. त्याचा सदरा फाटला होता, ओठातून रक्त येत होते. त्याच्या कडेवर तीनेक वर्षांची एक मुलगी होती.

"पोरं पळवणारा आहे! बसथांब्यावर धरलाय! पोरगी रडत होती, आणि ह्याला नाव विचारलं तर सांगत नाही!"

काकांनी आणि कुजबुजबाईंनी म्हाताऱ्याला चटकन आत घेतले आणि दार लावले. बाईंनी त्याच्या ओठाला ओला रुमाल लावला. त्याचा एक हात लुळा होता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. नुसते "ठ... ठ..." करत होता. बाई गुडघ्यावर बसल्या, त्याच्या तोंडाजवळ कान नेला आणि मग मुलीला विचारले, "बाळा, तुझं नाव काय गं?"

"ठमी," ती म्हणाली आणि तिने म्हाताऱ्याच्या गळ्यात तोंड लपवले.

तेवढ्यात टेलिफोन वाजला. एका बाईचा रडवेला आवाज होता. "माझे सासरे माझ्या मुलीला घेऊन दवाखान्यातून निघालेत, अजून घरी आले नाहीत हो. त्यांना झटका येऊन गेलाय, बोलता येत नाही."

"इथंच आहेत, ताई. घाबरू नका, सरळ ठाण्यात या," काका म्हणाले.

पण बाहेर गर्दी दुप्पट झाली होती. मोबाइलवरून खबर पसरत होती आणि प्रत्येकजण तिला आपल्या पदरची फोडणी देत होता. "त्याला आमच्या हातात द्या!" असा घोष सुरू झाला. काकांनी मला उचलले आणि पायरीवर जाऊन गरजले, "मागे व्हा! मुलीच्या आईचा फोन आलाय!"

"खोटं आहे!" गर्दी त्यांच्याहून मोठ्याने ओरडली. एक दगड आला आणि माझ्या कडेवर बसला. टवका उडाला तो तेव्हा. थोडा वर आला असता तर काकांच्या डोळ्यावर बसला असता.

तेव्हा कुजबुजबाईंनी काकांच्या हातातून मला घेतले. त्या पायरीच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. पण आवाज त्यांचा नेहमीचाच, घरात बोलावे तसा.

"मुलगी पाणी प्यायली," त्या म्हणाल्या.

गर्दीला वाटले होते, आता दम मिळणार. हे काय बोलणे, म्हणून पुढचे लोक गप्प झाले.

"ती बरी आहे. म्हाताऱ्या बाबांच्या मांडीवर बसलीय. मी घ्यायला गेले तर माझ्याकडे यायला तयार नाही."

आता मागच्यांना ऐकू येईना. ते पुढच्यांना म्हणू लागले, "अरे गप्प बसा, काय सांगतात ते ऐकू द्या!"

"तुमच्यापैकी ज्यांनी ह्या बाबांना मुलगी पळवताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, त्यांनी पुढे या. नाव सांगा, मी जबाब घेते."

लोक एकमेकांकडे बघू लागले. "मला त्यानं सांगितलं," एकजण म्हणाला. "मला मेसेज आला," दुसरा म्हणाला. पुढे मात्र कुणीच आले नाही.

इतक्यात गर्दीच्या मागे एक बाई धडपडताना दिसली. "त्या ताईंना वाट द्या," कुजबुजबाई म्हणाल्या. "मुलीची आई आहे ती." आणि मित्रांनो, ती एवढी गर्दी दुभंगली! आई धावत पायरीवर आली. आतून ठमीने "आई!" म्हणून अशी हाक मारली, की तिला माझी गरज लागली नाही. ती धावत येऊन आईला बिलगली आणि "बस गेली," म्हणाली. मग आईने मला हातात घेतले.

"ते आजोबा आहेत तिचे! बस चुकली म्हणून रडत होती माझी पोर. आणि तुम्ही त्यांना मारलंत?"

माना खाली घालून लोक पांगू लागले. "थांबा," कुजबुजबाई तितक्याच हळू म्हणाल्या. "ज्यांनी हात उचलला, ते आत येतील. बाकीच्यांनी घरी जावं." मारणारे आत आले. त्यांच्यावर रीतसर गुन्हा नोंदला गेला. आजोबांना ठाण्याच्या गाडीतून घरी सोडले.

संध्याकाळी काकांनी मला पुसून खिळ्यावर अडकवले आणि म्हणाले, "बाई, आजपासून हा तुमचा."

पुढे ठाण्याच्या गाड्यांवर नवे ध्वनिक्षेपक बसले. मी जप्तीच्या सामानाच्या खोलीत गेलो. पोटातले सेल कुणी काढले नाहीत. ते पाझरले आणि माझ्या पितळी पट्ट्या हिरव्या पडल्या. खूप दिवस मी मुकाच होतो. मग बदली होऊन गेलेल्या कुजबुजबाई अधिकारी होऊन त्याच ठाण्यात परत आल्या. त्यांनी मला शोधून काढले, पट्ट्या स्वतः घासल्या आणि नवे सेल घातले. आता शाळेची मुले ठाणे पाहायला येतात तेव्हा त्या मला त्यांच्या हातात देतात.

म्हणून माझे दोनच शब्द ऐका, मित्रांनो. माझ्यासारखी वस्तू ठेवून देताना तिच्यातले सेल आठवणीने काढा. आणि तिच्यात तोंड घालण्याआधी क्षणभर थांबा. मी कुणाचाही आवाज मोठा करतो. तो खरा की खोटा, हे मला कळत नाही. ते तुम्हालाच बघावे लागेल.