फाटक तेरा मिनिटं बंद का राहिलं

नाव: गिल्बर्ट आयस्बिस्टर. सगळे गिबी म्हणतात.

हुद्दा: धावपट्टीवरून जाणाऱ्या रस्त्याचा फाटकवाला. विमान आलं की फाटक पाडतो, गेलं की उचलतो. एकोणीस वर्षं. हुद्द्याच्या रकान्यात जागा उरली आहे, पण हुद्दा संपला.

फाटक किती वाजता बंद केले? नऊ अडतीस.

किती वाजता उघडले? नऊ एक्कावन्न.

विलंबाचे कारण (दोन ओळींत): ॲबर्डीनचं विमान उतरायला आलं, धुक्यात त्याला पट्टी दिसली नाही, ते पुन्हा वर गेलं आणि फेरी मारून परत आलं. टॉवरने सांगितल्याशिवाय मी फाटक उचलत नाही.

दोन ओळी झाल्या. मॅडम, यातला शब्द न् शब्द खरा आहे आणि तरी मी खोटं बोललो आहे. म्हणून पुढचं कागदाच्या पाठीमागे लिहितो.

पिवळा दिवा लागला की माझ्या हातात वीस सेकंद असतात. येणारी शेवटची गाडी त्यात सोडायची की थांबवायची, हे मी ठरवतो. मी सोडतो. सगळ्यांना सोडतो. त्या दिवशी ऑस्ला गाउडीची लाल गाडी शंभर पावलांवर होती. मी तिला पाहिलं आणि फाटक पाडलं.

ऑस्ला पलीकडच्या धक्क्यापाशी एकटी राहते. रुबार्बच्या आंबट देठांचा जॅम करते, आलं घालून. गावच्या प्रदर्शनात सात वर्षं पहिला नंबर तिचा. सात वर्षं दुसरा माझा. आमच्या घरी दुसऱ्या नंबरची सात प्रमाणपत्रं आहेत. एक भिंतीला पडलेल्या भोकावर लावलंय, बाकीची पुढच्या भोकांसाठी ठेवलीत. जॅम दहाच्या आत हॉलमध्ये पोचवावा लागतो. हॉल फाटकापासून पंधरा मिनिटांवर.

हिशोब तुम्हीच करा. मी वीस सेकंदांत केला होता.

ती गाडीतून उतरली. स्वेटरमध्ये गुंडाळलेली बरणी तान्ह्या बाळासारखी धरलेली.

"गिबी, दिसले नाही का मी तुला?"

"नियम म्हणजे नियम, ऑस्ला."

"गेल्या मंगळवारी मेंढीसाठी थांबला होतास! दोन कोकरांसकट!"

"मेंढीला दिवा कळत नाही."

"आणि तुला लाज."

तिच्या मागे मासळीचा ट्रकवाला बर्टी माउट येऊन थांबला होता. त्याने काच खाली केली. "काय रे गिबी, तुझा जॅम कुठाय?"

"हॉलमध्ये."

"कधी पोचवलास?"

"काल संध्याकाळी."

बर्टी इतका हसला की भोंग्यावर कोपर पडलं. वर विमानाचा आवाज जवळ आला, डोक्यावरून गेला, आणि दूर गेला. ते काही उतरलं नाही.

इथे माझा हिशोब चुकला. माझा बेत चार मिनिटांचा होता. चार मिनिटांत ती चिडली असती, गाडी हाणली असती, धापा टाकत दहाला तीन कमी असताना पोचली असती. घाईत बरणीचं झाकण तिरकं व्हावं, एवढंच मला हवं होतं. मी मोठा खलनायक नाही, मॅडम. तेवढी माझी झेपच नाही.

मी टॉवरला विचारलं, "रोना, मधल्या वेळात एक गाडी सोडू का? एकच?"

"डोक्यावर विमान आहे, गिबी. झोपेत आहेस का?"

नऊ शेहेचाळीसला ऑस्लाने घड्याळ पाहिलं. मग स्वेटर सोडला आणि बरणीचं झाकण उघडलं. "टेबलावर जात नाही तर पोटात जाऊ दे. बर्टी, भाकरी आहे का?" बर्टीकडे बायकोने दिलेल्या बॅनक होत्या, आमच्याकडच्या जाड भाकऱ्या, अजून कोमट. दोघं ट्रकच्या पायरीवर बसून खाऊ लागले. तिने एक तुकडा माझ्यासमोर धरला.

"घे. विष नाही घातलेलं. घालायला हवं होतं."

मी खाल्ला. कामावर असताना खायला मनाई आहे, तेही नोंदवून घ्या. आधी आंबट लागतं, मग गोड, आणि गिळल्यावर आलं हळूच वर येतं. माझ्या जॅममध्ये आलं दारातच उभं असतं, ओरडत. सात वर्षं मी परीक्षकांना आंधळे म्हणत आलो. एका घासात सातही वर्षांचा निकाल लागला.

यंदा पहिला नंबर माझा आला. कप आमच्या टेबलावर आहे. बायको त्यात लाकडी चमचे ठेवू या म्हणते. प्रदर्शनाच्या मंडळाने कळवलंय की फाटकवाल्याची चूक निघाली तर त्याचा नंबर रद्द होईल, म्हणून तुमच्या विमानतळ ऑफिसचा हा कागद.

मी ऑस्लाकडे गेलो होतो. म्हटलं, "मी खरं लिहितो, कप तुला मिळेल."

"मला कसा मिळेल, शहाण्या? माझी बरणी टेबलावर होती कुठे? कप जाईल यंदाच्या दुसऱ्या नंबरला, हॅरल्ड मास्तरांना."

मास्तरांचा जॅम चमच्यावर थांबत नाही. पितात तो.

"मग लिहू नको?"

"ते मला काय विचारतोस?" ती म्हणाली आणि रुबार्बची पानं छाटत राहिली. चहा विचारला नाही.

हा विलंब टाळता आला असता का? (होय / नाही) काल पेन्सिलने 'नाही'वर खूण केली होती. खोडल्याचा डाग दिसेल. विमान, धुकं, टॉवर, कुणालाही विचारा, सगळे 'नाही'च म्हणतील.

पण ऑस्लापुरतं विचारत असाल तर होय. पेनने केलं आहे.

आपल्या काही सूचना: मास्तरांना कप देताना मला बोलावू नये.