माझ्या रक्तातली जुळ्यांची खूण

मी एका वाकड्या शिंगाचा, आता म्हातारा झालेला मेंढा आहे. मित्रांनो, गंगापूरच्या शिवारात पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, रानात माझा जन्म झाला. अंगानं मी इतका किरकोळ, की माझा मालक बिरू म्हणायचा, "ह्यो काय कळपाचा बाप व्हायचा नाय. बाजारात देऊन टाकू."

त्याच सुमारास संभाजीनगरहून जनावरांच्या डॉक्टर सायलीताई आल्या. बिरूच्या मेंढ्या एका वेताला एकच कोकरू देत. जुळ्या कोकरांचा गुण कुणात आहे का, ते बघायला ताईंनी सगळ्या तरण्या नरांचं रक्त नेलं. सुई टोचली तेव्हा मी त्यांना चांगली धडक दिली!

बाजाराच्या दिवशी बिरूनं मला टेम्पोत चढवलं. गाडी सुरू होणार, तोच ताईंचा फोन आला.

"बिरूदादा, वाकड्या शिंगाचा विकू नका! त्याच्या रक्तात जुळ्यांची खूण सापडलीय!"

बिरूला हसू आलं. पण त्याच्या बायकोनं, कस्तुराबाईनं, माझं दावं धरून मला खाली ओढलं. "एक डाव बघू तर खरं!"

मी कळपाचा मेंढा झालो. माझी छाती फुगली! पण वर्षानं मेंढ्या व्याल्या, तर पुन्हा एकेकच कोकरू. बिरूनं चिडून फोन लावला. "ताई, कुठं हायेत जुळी?"

"दादा, हा गुण मादीत दिसतो. याच्या लेकी विऊ द्या. सगळ्यांना नाही, पण काहींना जुळी होतील."

लेकी मोठ्या होईपर्यंत बिरू माझ्याकडं धड बघेना. मीही मान खाली घालून चरायचो.

मग एका सकाळी माझी थोरली लेक व्याली. कस्तुराबाई कोकरू पुसत होती, तेवढ्यात ती ओरडली, "अवो, धावा! दुसरं बी हाय!"

बिरू पळत आला. "व्हय की! लई भारी झालं गं!" त्यानं माझ्या गळ्यालाच मिठी मारली. मी आनंदानं अशी उडी घेतली, की कुंपणाची जाळीच आडवी झाली!

दुसरं कोकरू मात्र फार अशक्त होतं. कस्तुराबाईनं त्याला पदराखाली ऊब दिली, बाटलीनं दूध पाजलं. संध्याकाळी ते आपल्या पायांवर उभं राहिलं.

मित्रांनो, कळपाचा मेंढा निवडताना नुसतं अंग बघू नका, रक्तही तपासून घ्या. आणि जुळी झाली, की त्यांच्या आईपुढं चार पेंढ्या जास्त टाका. अशक्त कोकराला आधी पाजा.