फळीवरचे पाच जण

नागरत्नाबाई गेल्याचे घरी कळले, तेव्हा आम्ही पाचही जण टेबलावरच्या फळीवर चालूच होतो. त्यांनीच आम्हाला चावी दिली होती. "कॉफीपूड संपलीय, घेऊन येते. तोवर ह्यांचं जुळतंय बघा," असे नवऱ्याला, नरसिंगरावांना, सांगून त्या कोपऱ्यावर गेल्या. आमचे जुळले. त्या मात्र दुकानाच्या पायरीवर कोसळल्या. दुकानदार वेंकटेश धावत दारात आला. नरसिंगरावांनी त्याच्या तोंडाकडे पाहिले. मग वळून आमचे दांडे एकेक करून धरले. शेवटचा मी.

मित्रांनो, मी एक जुना मेट्रोनोम आहे. म्हणजे वाजवायला शिकणाऱ्यांना ठोके देणारे, चावीचे लाकडी यंत्र. आधी मी एका व्हायोलिनच्या मास्तरांकडे होतो. त्यांच्या शिष्यांना माझा फार राग यायचा. मास्तर थकले, तेव्हा नागरत्नाबाईंनी मला सरस्वतीपुरमच्या घरी आणले. माझ्यासारखे चार जण तिथे आधीच होते.

बाई कॉलेजात गणित शिकवत. आपल्या मेंदूत, डोळ्यांच्या मागच्या बाजूला, पेशींचा एक बारीक पुंजका असतो. झोपायचे कधी, उठायचे कधी, हे तो सांभाळतो. त्यातल्या हजारो पेशींचा दिवस सारखा नसतो. कुणाचा जरा आखूड, कुणाचा जरा लांब. तरी एकमेकींना हलके ढोसत त्या सगळ्या मिळून एकच दिवस पाळतात. हे कसे घडते, ते बाई समीकरणांत मांडत. विद्यार्थ्यांना दिसावे म्हणून त्या आम्हाला एका पातळ फळीवर ठेवत. फळीखाली दोन गोल डबे आडवे. माझ्या झोक्याने फळी किंचित सरके, ते सरकणे इतरांना पोचे. आधी नुसता गोंधळ, मग हळूहळू पाचांचा एक ठोका. वर्ग टाळ्या वाजवी. माझ्यासाठी टाळ्या मी तिथेच पहिल्यांदा ऐकल्या.

"फळी म्हणजे समीकरणातली जोडणी," बाई सांगत. "ती काढली की सगळे एकटे."

नरसिंगरावांनी हे कधी ऐकलेच नव्हते. ते सिटी बस चालवून निवृत्त झालेले. दहाव्या-बाराव्याला घर भरले, तेव्हा पाण्याचा ड्रम उंच करायला त्यांनी ती फळी खाली सारली आणि आम्हाला स्वयंपाकघरातल्या कडप्प्यावर मांडले. पाहुणे गेल्यावर ते रोज चावी देऊ लागले. त्यांना तो एक ठोका पुन्हा ऐकायचा होता. आम्ही जीव तोडून डुललो, पण दगड हलेना. त्यांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला. दुपारी दात घासत, संध्याकाळी झोपत. धड बसवत नव्हते, धड पडवत नव्हते.

शेवटी पिशवीत घालून त्यांनी आम्हाला घड्याळे दुरुस्त करणाऱ्या खंडोजीरावांकडे नेले.

"अय्यो, ह्यात काय बिघाड नाही रे नरसिंगा. पाची बरोबर चालतायत."

"मग जुळत का नाहीत?"

"ते मला काय विचारतोस? तुझं नि माझं कधी जुळलं? जा, सुम्ने, उगाच डोकं खाऊ नको. आधी झोप काढ. डोळे बघ कसे झालेत."

नरसिंगराव आम्हाला भंगारात देणार होते. तेवढ्यात मेघाश्री आली, बाईंची विद्यार्थिनी. बाईंचे अर्धे राहिलेले काम ती करते.

"अंकल, फळी कुठंय?"

"कसली फळी?"

"तुम्हीच रंधा मारून दिलीत ना! मॅडम सारखं सांगायच्या."

नरसिंगराव ड्रमकडे वळले. "मी म्हटलं ह्यांना नुसतं बसायला असंल." मग ड्रमला खांदा लावून त्यांनी फळी ओढून काढली. ती पाण्याने फुगली होती, मधून वाकली होती. त्यांनी ती धोतराने पुसली आणि किती वेळ मांडीवर धरून बसले.

"मॅडमचं उजेडाचं गणित राहिलं," मेघाश्री म्हणाली. "सकाळचं ऊन मिळालं नाही, तर पेशी आपसात जुळतात, पण बाहेरच्या दिवसापासून सरकत जातात. मत्ते, ते अजून मांडायचंय."

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी एकटेच ठोके देत असेल, तर त्याला बिघडला म्हणून टाकू नका. त्याच्याखाली फळी आहे का, ते आधी बघा.

आमची फळी भिंतीला टेकून वाळते आहे. तिला अजून रंधा मारायचा आहे. पडदा उघडायचा आहे.